आधी गाव ठरवा, मग इंजिन घ्या

अमेरिकन नॅरो गेजचं मॉडेल करायचंय, कुठलं इंजिन घेऊ, असं कोणी विचारलं की मी सांगतो, सध्या कुठलंच घेऊ नका. समोरच्याचा चेहरा उतरतो, पण माझा नाइलाज आहे. या छंदात पैसे बुडतात ते महागाईपेक्षा घाईमुळे जास्त. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईवडील कोलोरॅडोतल्या डुरँगो ते सिल्व्हर्टन गाडीत बसून येतात. दरीच्या काठाने धूर ओकत जाणारं ते काळं इंजिन मनात भरतं आणि परतीच्या बॅगेत एक खोकं येतं. मग दुसरं, मग तिसरं. इंजिन एका मापाचं, वाघिणी दुसऱ्या मापाच्या, रूळ तिसऱ्याच. कपाट भरतं आणि गाडी एक फूटही धावत नाही. काचेच्या कपाटात मांडून बघत बसणं हाही छंदच आहे, त्याला माझी ना नाही. पण ज्यांना गाडी धावलेली बघायची आहे, त्यांच्याशी मला चार गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत.

मुळात ही रेल्वे अरुंद का, ते आधी समजून घ्या, कारण मॉडेलमधले निम्मे निर्णय त्यातून सुटतात. जनरल विल्यम जॅक्सन पामर यांनी १८७० साली ‘डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे’ ही कंपनी काढली आणि नेहमीच्या ४ फूट साडेआठ इंचांऐवजी ३ फुटी मार्ग निवडला. हिशेब सरळ होता. कोलोरॅडोच्या डोंगरात अरुंद मार्गाला घट्ट वळण देता येतं, कातळ कमी फोडावा लागतो, रूळ हलके चालतात. सुरुवातीचे रूळ तर यार्डाला जेमतेम ३० पौंडांचे होते. चांदीच्या खाणींच्या मागे मागे मार्ग वाढत गेला आणि १८८२ मध्ये सिल्व्हर्टनला पोचला. १८९३ साली चांदीचा बाजार कोसळला. त्यानंतर या मार्गांनी सुबत्ता फारशी पाहिली नाही, आणि मॉडेल करणाऱ्याचं भाग्य नेमकं त्यातच आहे. नवी गाडी घ्यायला पैसा नाही म्हणून १९०४ साली बांधलेल्या लाकडी वाघिणी १९६० च्या दशकातही ठिगळं लावून धावत होत्या. वाकलेल्या फळ्या, उडालेला रंग, पुन्हा पुन्हा लिहिलेले आकडे, सगळं खरं आहे. तुमची पहिली वाघीण थोडी ओबडधोबड झाली तरी ती या मार्गावर खपून जाते.

आता गाव ठरवायचं. प्रत्येकाला अख्खी रेल्वे करायची असते. जरा गुणाकार करा. १:८७ या मापात १ मैल म्हणजे साडेअठरा मीटर. डुरँगो ते सिल्व्हर्टन ४५ मैल, म्हणजे तुम्हाला आठशे मीटरहून लांब हॉल लागेल. तेव्हा ४५ मैलांतला अर्धा मैल निवडा आणि तो नीट करा. मला विचाराल तर याच रेल्वेवरचं, न्यू मेक्सिकोतलं चामा घ्या. चामाहून कम्ब्रेस खिंडीपर्यंत १४ मैल चढ आहे, शंभर फुटांना ४ फूट, आणि खिंड १०,०१५ फुटांवर. डुरँगोकडून आलेली लांब मालगाडी चामाला तोडत, तिचे तुकडे करून एकेक वर नेत. आपल्याकडे कर्जतला किंवा कसाऱ्याला बँकर लागतं तसं तिथेही दुसरं इंजिन जोडत. पण वाटेत लोबाटोचा उंच लोखंडी पूल आहे, त्यावर दोन जड इंजिनं एकदम न्यायला परवानगी नाही. म्हणून पुलाअलीकडे गाडी थांबवायची, पुढचं इंजिन सोडायचं, ते एकट्याने पूल ओलांडून पलीकडे उभं राहणार, मग उरलेली गाडी घेऊन दुसरं जाणार, आणि पलीकडे पुन्हा जोडणी. एक यार्ड, एक चढ आणि एक पूल, एवढ्यावर घरातली तीन माणसं संध्याकाळभर गुंतून राहतात. गोल गोल फिरणाऱ्या गाडीकडे पाच मिनिटांनंतर कोणी बघत नाही, अगदी घरातलं लहान मूलसुद्धा.

गावाबरोबर साल ठरवा. ही गोष्ट लोकांना किरकोळ वाटते, पण खिसा वाचवणारी हीच. समजा तुम्ही १९५५ घेतलंत. म्हणजे फार्मिंग्टनच्या तेल आणि गॅसच्या विहिरींसाठी पाइप लादलेल्या सपाट वाघिणींच्या रांगा हव्यात. ‘सान हुआन’ ही प्रवासी गाडी मात्र नको, कारण ती १९५१ च्या जानेवारीत बंद झाली. के-२८ जातीची इंजिनं मुळात १० होती. त्यांतली ७ दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अलास्काकडच्या ‘व्हाइट पास’ मार्गावर गेली ती परतलीच नाहीत. मागे राहिली ४७३, ४७६ आणि ४७८. तेव्हा ४७१ क्रमांकाचं इंजिन कितीही स्वस्तात आणि कितीही देखणं समोर आलं, तरी तुमच्या १९५५ मध्ये त्याला जागा नाही. असा नियम हातात असला की बाजारात गेल्यावर दहा वस्तूंपैकी आठ आपोआप गळतात. नियम मोडावासा वाटला तर खुशाल मोडा, रेल्वे तुमची आहे. फक्त मोडतोय हे ठाऊक असू द्या.

ज्यांच्याकडे खोलीही नाही, भिंतीला लागून एक फळी तेवढी आहे, त्यांनी शेजारची ‘रिओ ग्रांडे सदर्न’ बघावी. ओटो मिअर्स यांनी १८९०-९१ मध्ये रिजवे ते डुरँगो असा १६२ मैलांचा हा मार्ग बांधला. तो जवळजवळ कायम कर्जातच राहिला. १९३१ मध्ये वाफेचं इंजिन चालवणं परवडेना, टपाल तर पोचवायलाच हवं. तेव्हा रिजवेच्या वर्कशॉपमधल्या मंडळींनी जुन्या ब्यूक आणि पिअर्स-ॲरो मोटारींचे सांगाडे घेतले, रुळांची चाकं बसवली, मागे सामानाचा डबा जोडला आणि गाडी चालू केली. लोकांनी तिचं नाव ‘गॅलपिंग गूज’, म्हणजे दौडणारा हंस, असं ठेवलं. पुढे दोन रूळ आणि मागे एक हंस, एवढ्यात तुमची अख्खी गाडी होते. वळण लहान चालतं, स्टेशन हातभर पुरतं. याच मार्गावरच्या ओफिरच्या लाकडी पुलांचं वळण करायची हिंमत झाली तर तेही पुढे करता येईल.

कोलोरॅडोशिवायही पुष्कळ काही आहे. पेनसिल्व्हेनियात कोळसा वाहणारी ‘ईस्ट ब्रॉड टॉप’, मेन राज्यातले २ फुटी मार्ग, कॅलिफोर्नियाच्या जंगलात लाकूड वाहणारी ‘वेस्ट साइड लंबर’. लाकडाच्या मार्गांवरचं शे इंजिन मला फार आवडतं. त्याचे सिलिंडर एका बाजूला उभे असतात आणि लांब दांड्यावरच्या दातेरी चाकांतून शक्ती सगळ्या चाकांना जाते. ते चालतं अगदी सावकाश, घट्ट वळण सहज घेतं, आणि लहान खोलीला याहून चांगला भाडेकरू मिळणार नाही.

मापांचा गोंधळ इथे मिटवून टाकू. नावातला पहिला भाग मॉडेलचं प्रमाण सांगतो, ‘एन’ म्हणजे नॅरो, आणि पुढचा आकडा खऱ्या मार्गाची रुंदी. एचओएन३ म्हणजे १:८७ प्रमाणात ३ फुटी मार्ग. रुळांतलं अंतर साडेदहा मिलिमीटर. ओएन३ म्हणजे १:४८ प्रमाण, अंतर १९ मिलिमीटर. मधलं एसएन३, १:६४, त्याचे भक्त कमी पण कट्टर. बागेत चालवायची तर एफएन३, १:२०.३ प्रमाणात ४५ मिलिमीटर रुळांवर. आणि मग ओएन३०. प्रमाण १:४८, पण रूळ साध्या एचओचे, साडेसोळा मिलिमीटरचे. हिशेबाने ते ३० इंची मार्गाच्या अगदी जवळ जातं. १९९८ मध्ये बाकमन कंपनीने या मापात तयार इंजिनं आणली आणि तेव्हापासून नॅरो गेज सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. अमेरिकेतल्या ३ फुटी मार्गांसाठी ते काटेकोर नाही, शुद्धतावादी नाकं मुरडतात. मुरडू देत. नव्या माणसाला मी ओएन३०च सुचवतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर हटकून. १:८७ मधली ३० फुटी वाघीण साडेदहा सेंटिमीटरची असते, १:४८ मध्ये तीच १९ सेंटिमीटर. ब्रेकचं चाक बसवताना हा फरक फार मोठा वाटतो. शिवाय ३० इंच म्हणजे अडीच फूट, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचं आणि यवतमाळच्या शकुंतलेचं माप. अमेरिकेच्या नावाने घेतलेले रूळ आणि यंत्रं उद्या कुर्डुवाडीच्या मॉडेललाही उपयोगी पडतील.

ओएन३० मध्ये एक छुपा लाभ आहे. रुळांच्या उंचीला ‘कोड’ म्हणतात, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. कोड १०० चे साधे रूळ एचओमध्ये फार जाड, खेळण्यासारखे दिसतात. पण १:४८ ने गुणलं तर उंची पावणेपाच इंच येते, म्हणजे डोंगरी मार्गाला शोभेल अशी. फक्त एचओच्या रुळाखालचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, ते लगेच खटकतं. त्यासाठी ओएन३० चे म्हणून वेगळे रूळ मिळतात, किंवा स्वतः लाकडाचे स्लीपर कापून घ्या. एचओएन३ करणाऱ्यांनी मात्र कोड ५५ च्या आसपास राहावं.

पहिली वस्तू म्हणून इंजिन न घेता एका वाघिणीचा किट घ्या, असा माझा आग्रह आहे. मालाची बंद लाकडी वाघीण, ३००० क्रमांकमालेची. लाकडी किट असेल तर फळ्या जोडण्याआधी रंगवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे थोडे थेंब टाकायचे आणि फळ्या त्यात बुडवून काढायच्या. सुकल्यावर लाकूड करडं, जुनं दिसतं आणि रेषा उठून येतात. डिंक लागलेल्या जागी शाई शिरत नाही, पिवळा डाग तसाच राहतो, म्हणून रंग आधी. सांगाडा जोडताना काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का बघा. एक कोपरा हलत असेल तर पुढे वळणावर हीच वाघीण रूळ सोडणार, तेव्हा तिथेच थांबून सुधारा. चढायच्या पकडदांड्यांसाठी बारीक तारेचे तुकडे वाकवायचे असतात. सगळ्या एका मापाच्या यायला हव्यात, म्हणून पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्याभोवती तार वाकवा. शेवटी कपलर, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे. केडी कंपनीचे कपलर घेतलेत तर त्यांची उंची मोजायची पट्टीही घ्या. दोन वाघिणींचे कपलर केसभर वरखाली असले तरी चढावर गाडी तुटते. चाकांतलं अंतर मापकाने तपासा. असा एक किट पुरा केलात की इंजिनाचं खोकं उघडताना काय तपासायचं हे तुम्हाला कोणी शिकवायला लागत नाही.

बैठक बांधताना आपल्या हवेचा विचार करा. अमेरिकन पुस्तकात लिहिलंय म्हणून तेच सामान शोधत बसू नका. कोकणात किंवा मुंबईत साधा एमडीएफ एका पावसाळ्यात फुगतो. चांगला वॉटरप्रूफ प्लायवूड घ्या, कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवा, वर कॉर्कचा थर. उन्हाळ्यात रूळ लांबतात, म्हणून सांध्यांत बारीक फट ठेवा. सुताराकडचा चाळलेला भुसा, वाळवून चाळलेली माती, फेविकॉलचं पातळ पाणी, यावर कोलोरॅडोची जमीन उत्तम उभी राहते. तिथला डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा काळा नाही, हे मात्र विसरू नका. कोरडी पिवळट माती, करडे खडक, ॲस्पेनच्या झाडांची पांढरी खोडं. फोटो समोर ठेवून रंग मिसळा.

चढ करताना हात आखडता घ्या. खरी रेल्वे ४ टक्के चढली म्हणून तुमची चढेलच असं नाही. वळणावर चढ दिला की इंजिनाची ओढ आणखी घटते. आधी प्लायच्या उघड्या तुकड्यावर चढ देऊन तुमचं इंजिन किती वाघिणी ओढतं ते बघा, मग डोंगर बांधा. वळणाचंही तसंच. एचओएन३ मध्ये लहान इंजिनाला १८ इंच त्रिज्या चालते, पण के-२७ पासून पुढच्या मोठ्या इंजिनांना २४ च्या खाली नेऊ नका.

आता संग्रहाकडे. जुनी पितळी मॉडेलं हा या छंदातला मोह आहे आणि सापळाही. जपानमध्ये आणि नंतर कोरियात हाताने जोडलेली ही इंजिनं कारागिरीत अप्रतिम आहेत. चालण्यात मात्र सगळीच तशी नसतात. विकत घेताना खोकं उघडून इंजिन उलटं धरा. चाकं हाताने हळू फिरवा. एकाच जागी अडत असतील तर दांड्यांचा ताळमेळ बिघडलाय, तो सुधारणं नवशिक्याचं काम नाही. जुन्या उघड्या मोटारी जास्त वीज ओढतात. त्यांना आजचा डिजिटल डीकोडर लावायचा तर बहुधा मोटार बदलावी लागते, तो खर्च किमतीत धरा. आणि खोक्यातला फोम बघा. जुना फोम वर्षांनुवर्षांत कुजतो, चिकट काळपट लगदा होतो आणि रंगाला कायमचा चिकटतो. घरात असं खोकं असेल तर आज रात्रीच इंजिन काढून आम्लरहित कागदात गुंडाळा आणि फोम फेकून द्या; खोकं ठेवा, विकताना त्याला किंमत येते. जस्ताच्या मिश्रधातूच्या जुन्या ओतीव भागांना आतून भेगा पडतात, ते फुगतात आणि हातात तुकडे येतात. फोटोत अशी बारीक भेग दिसली तर सौदा तिथेच सोडा, कारण त्याला इलाज नाही.

तयार मालाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. नॅरो गेजचा बाजार लहान. कंपन्या एखादं मॉडेल थोडक्या संख्येने काढतात आणि ते संपलं की संपलं. डुरँगोच्या साउंडट्रॅक्स कंपनीने ‘ब्लॅकस्टोन’ नावाने एचओएन३ मध्ये सुरेख इंजिनं आणि वाघिणी काढल्या होत्या, आता त्या जुन्या बाजारातच शोधाव्या लागतात. म्हणून तुमच्या गावात आणि सालात बसणारी वस्तू दिसली तर फार रेंगाळू नका, आणि न बसणारी ‘पुन्हा मिळणार नाही’ म्हणून उचलू नका. दोन्ही सल्ले एकमेकांविरुद्ध वाटतील, पण यादी खिशात असली की विरोध उरत नाही.

भारतात राहून हे करणाऱ्यांनी विजेचं भान ठेवावं. अमेरिकेतून आणलेला जुना ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट घातला तर जळणार. कंट्रोलर इथल्या दाबाचा घ्या. येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर रूळ मागवू नका, लांबीमुळे बॅगेत मोडतात. किटचे सुटे भाग, चाकं, कपलर मागवा. पार्सलने येणाऱ्या वस्तूवर कस्टम लागतं ते आधी विचारून हिशेबात धरा. आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर घर सोडून एकदा गोल्डन गावातलं कोलोरॅडो रेलरोड म्युझियम पाहावंच. १९५९ पासूनचं ते संग्रहालय आहे, तीन हंस तिथे उभे आहेत, आणि टेप घेऊन मोजमाप करणाऱ्या माणसाकडे तिथे कोणी विचित्र नजरेने बघत नाही. चामाहून अँटोनिटोपर्यंतची ६४ मैलांची ‘कम्ब्रेस अँड टॉल्टेक’ गाडीही घ्या. फोटो इंजिनाचे सगळेच काढतात. तुम्ही वाघिणींच्या पोटाचे, सांध्यांचे, पाण्याच्या टाकीच्या पायांचे काढा. घरी आल्यावर तेच लागतात.

शेवटचं सांगणं घरच्यांसाठी आहे. एक वही करा. प्रत्येक वस्तूचं नाव, माप, कोणी बनवली, कधी किती रुपयांना घेतली, आज अंदाजे किती मिळतील, आणि विकायची झाली तर कोणाला विचारायचं, हे मराठीत, घरातल्या माणसाला वाचता येईल असं लिहा. आपल्यामागे पितळी के-३६ पितळ म्हणून वजनावर मोडीत गेली, हा नुसता विनोद नाही, आपल्या घरांत तो सहज घडू शकतो. खोक्यावर आणि वहीत तोच क्रमांक टाका. पुरे झालेले किट आणि न उघडलेले किट वेगळ्या पानांवर लिहा. न उघडलेल्यांचं पान पुरे झालेल्यांच्या पानापेक्षा लांब होऊ लागलं, की त्या वर्षी नवीन काही घेऊ नका.